‘डॉकर रन’ पुन्हा मारण्याआधी थांबा: बंद पडलेला कंटेनर ‘स्टार्ट’ कसा करायचा?



पीएचडीची तयारी करणाऱ्या, किंवा नुकतंच रजिस्ट्रेशन झालेल्या मुलामुलींकडून एक प्रश्न हमखास येतो. “काल कंटेनरमध्ये सगळं इन्स्टॉल केलं, डेटा भरला. रात्री लाईट गेली, लॅपटॉप बंद पडला. आज ‘डॉकर रन’ केलं तर सगळं कोरं! माझा डेटा गेला का?”

दहापैकी नऊ वेळा उत्तर असतं: गेला नाही. तो जिथे होता तिथेच आहे, तुम्ही दुसरीकडे बघताय. पण घाबरून पुढच्या दहा मिनिटांत जे केलं जातं, त्यात मात्र डेटा खरंच जाऊ शकतो. म्हणून आजचा लेख फक्त एवढ्यावरच: थांबलेला कंटेनर कमांड लाइनवरून पुन्हा सुरू कसा करायचा, सुरू केल्यावर नेमकं काय परत मिळतं, आणि काय मिळत नाही.

मुदखेडला घरी बसून काम करणारा आणि आठवड्यातून दोनदा नांदेडला विद्यापीठात जाणारा विद्यार्थी असेल, तर त्याचा कंटेनर रोजच थांबतो. लॅपटॉप बंद, कंटेनर बंद. त्यामुळे ही गोष्ट अधूनमधून लागणारी नाही, रोजच्या कामाची आहे.

एक सूचना आधीच. कमांड मी इथे आपण बोलतो तशा देवनागरीत लिहितोय. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करायच्या. स्पेस आणि हायफन जिथे दाखवलेत तिथेच द्या. एक हायफन आणि दोन हायफन यांत फरक आहे.

इमेज आणि कंटेनर: पुस्तक आणि तुमची प्रत

डॉकर २०१३ च्या मार्चमध्ये लोकांसमोर आलं. पायकॉन या परिषदेत सॉलोमन हाइक्स यांनी ते दाखवलं, आणि पुढे काही वर्षांत संशोधनातही ते रुळलं. कारण साधं: ‘माझ्या मशीनवर चालतंय, सरांच्या मशीनवर चालत नाही’ हे भांडण त्यातून बरंच मिटतं.

आता इमेज म्हणजे छापलेलं पुस्तक समजा. कंटेनर म्हणजे तुम्ही विकत आणलेली त्या पुस्तकाची प्रत. तुम्ही प्रतीत पेन्सिलने खुणा करता, समासात नोंदी लिहिता. छापलेला मजकूर तसाच राहतो, नोंदी मात्र फक्त तुमच्या प्रतीत असतात. डॉकरमध्येही असंच आहे. इमेजचे थर बदलत नाहीत. प्रत्येक कंटेनरला त्यावर एक स्वतःचा लिहिण्याजोगा थर मिळतो, आणि तुम्ही केलेले सगळे बदल तिथे जातात.

‘डॉकर रन’ ही खरं तर दोन कमांडची एक कमांड आहे: आधी ‘डॉकर क्रिएट’, मग ‘डॉकर स्टार्ट’. म्हणजे ती दर वेळी दुकानातून नवी कोरी प्रत आणते. ‘डॉकर स्टार्ट’ मात्र तुमची जुनीच प्रत कपाटातून काढून उघडते. काल रात्रीच्या नोंदी जुन्या प्रतीत आहेत आणि तुम्ही नवी प्रत चाळताय. एवढाच घोळ आहे.

पहिली पायरी: प्रत शोधा

सगळ्यात आधी डॉकर स्वतः चालू आहे का ते बघा. ‘डॉकर डीमनशी जोडता येत नाही’ अशा अर्थाचा संदेश आला, तर तुमच्या कंटेनरला काही झालेलं नाही. मागे चालणारा प्रोग्रॅमच बंद आहे. विंडोजवर डॉकर डेस्कटॉप उघडा. उबुंटूवर ‘सुडो सिस्टिमसीटीएल स्टार्ट डॉकर’ द्या.

मग द्या:

डॉकर पीएस -ए

नुसतं ‘डॉकर पीएस’ फक्त चालू कंटेनर दाखवतं. बहुतेक जण तेवढंच बघतात, यादी रिकामी दिसते आणि पोटात गोळा येतो. ‘-ए’ म्हणजे ऑल: थांबलेलेही दाखव. या यादीत आयडी, इमेज, आत चालणारी कमांड, कधी बनवला, स्थिती, पोर्ट आणि नाव असे रकाने असतात. तुमच्यासाठी महत्त्वाचे तीन: कधी बनवला, स्थिती आणि नाव. तीन आठवड्यांपूर्वी बनवलेला आणि ‘एक्झिटेड’ दाखवणारा कंटेनर, तोच बहुधा तुमचा. ‘दोन मिनिटांपूर्वी’ बनवलेला तो आजचा कोरा.

नाव दिलं नसेल तर डॉकर स्वतःच एक नाव ठेवतं: एक विशेषण आणि एक शास्त्रज्ञाचं आडनाव. रामन, रामानुजन, भाभा, ब्रह्मगुप्त असे आपले लोकही त्या यादीत आहेत. (गंमत म्हणजे ‘कंटाळवाणा वॉझनियाक’ हे नाव येऊ नये अशी खास सोय डॉकरच्या कोडमध्ये आहे!) पण अशी वीस नावं साठली की कोणत्या रामनमध्ये पावसाचा डेटा आणि कोणत्या भाभामध्ये मजकुराचा, हे कोण लक्षात ठेवणार? म्हणून बनवतानाच ‘--नेम’ देऊन नाव ठेवा. आधीच बनवला असेल तर ‘डॉकर रीनेम’, मग जुनं नाव, मग नवं नाव.

नाव ठेवण्याचा अजून एक फायदा. त्याच नावाने पुन्हा ‘डॉकर रन’ केलं तर डॉकर चक्क नकार देतं: हे नाव आधीच वापरात आहे. हा एरर त्रासदायक वाटतो, पण तो तुमच्या बाजूचा आहे. तो सांगतोय की प्रत घरात आहे, नवी कशाला आणता?

दुसरी पायरी: सुरू करा

समजा नाव ‘पाऊस’ आहे. तर:

डॉकर स्टार्ट पाऊस

नावाऐवजी आयडीची पहिली तीन-चार अक्षरंही चालतात, फक्त ती दुसऱ्या कुणाच्या आयडीशी जुळायला नकोत. दोन-तीन कंटेनर एकदम सुरू करायचे असतील तर नावं स्पेस देऊन ओळीने लिहा.

कमांड यशस्वी झाली की टर्मिनलवर फक्त नाव परत छापलं जातं, दुसरं काही नाही. कारण ‘स्टार्ट’ कंटेनरला मागे चालू करतं. समोर आणून ठेवत नाही. समोर हवा असेल तर:

डॉकर स्टार्ट -ए -आय पाऊस

इथे ‘-ए’ म्हणजे अटॅच, म्हणजे आतलं आउटपुट तुमच्या पडद्यावर. ‘-आय’ म्हणजे तुमचा कीबोर्ड आत जोडा. ‘पीएस’मधला ‘-ए’ वेगळा, हा वेगळा. गल्लत करू नका.

आणि कंटेनर चालू आहे, फक्त आत जाऊन काहीतरी बघायचंय, तर ‘डॉकर एक्झेक -आय -टी पाऊस बॅश’. एक्झेक फक्त चालू कंटेनरवर चालतं. थांबलेल्यावर दिलं तर ‘कंटेनर चालू नाही’ असं उत्तर येईल. म्हणजे क्रम नेहमी असा: आधी स्टार्ट, मग एक्झेक.

एक मर्यादा लक्षात घ्या. पोर्ट, जोडलेले फोल्डर, ‘-आय -टी’ यांसारख्या गोष्टी कंटेनर बनवताना ठरतात. ‘स्टार्ट’ करताना त्या बदलता येत नाहीत. ‘-आय -टी’ न देता बनवलेला उबुंटूचा कंटेनर कितीही वेळा स्टार्ट करा, तो लगेच बंद होणार, कारण आतल्या शेलला वाट बघायला कीबोर्डच नाही.

सर्वांत मोठा गैरसमज: ‘स्टार्ट’ म्हणजे ‘जिथे थांबलं तिथून पुढे’ नव्हे

हा भाग नीट वाचा, कारण इथे संशोधनाचे दिवस वाया जातात.

‘डॉकर स्टार्ट’ कंटेनरची मूळ कमांड पहिल्यापासून पुन्हा चालवतं. आतल्या फाइली तशाच असतात, पण मेमरीतलं सगळं गेलेलं असतं.

काय परत मिळतं: तुम्ही इन्स्टॉल केलेली पॅकेजेस, डिस्कवर लिहिलेल्या फाइली, बनवताना दिलेले एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल.

काय मिळत नाही: पायथनमधले व्हेरिएबल, ज्युपिटरच्या कर्नलमधली स्थिती, शेलमध्ये हाताने ‘एक्स्पोर्ट’ केलेल्या गोष्टी, एक्झेकने आत जाऊन वेगळे चालू केलेले प्रोग्रॅम. कंटेनरचा आतला आयपी पत्ताही बदलू शकतो.

जिथे आहे तिथेच गोठवायचं असेल तर ‘डॉकर पॉज’ आणि ‘डॉकर अनपॉज’ आहेत. पण पॉज केलेला कंटेनर मेमरीतच राहतो. लॅपटॉप बंद झाला की तोही संपला. मेमरीसकट डिस्कवर साठवणारं ‘डॉकर चेकपॉइंट’ आहे, पण ते अजून प्रायोगिक मानलं जातं. प्रबंध त्याच्या भरवशावर ठेवू नका.

उदाहरण आपल्याकडचंच घेऊ. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे तुम्हाला आठवत असेल. समजा तुम्हाला मराठवाड्यातल्या पावसाच्या खंडांवर काम करायचंय. भारतीय हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाचा रोजच्या पावसाचा चौकोनी जाळीतला डेटा १९०१ पासून मिळतो. जाळीचा एक चौकोन पाव अंशाचा, म्हणजे साधारण २७ किलोमीटर बाजूचा. नांदेड आणि मुदखेड सरळ रेषेत मोजले तर एका चौकोनाच्या रुंदीत मावतील एवढा. पूर्ण जाळी १३५ गुणिले १२९, म्हणजे १७,४१५ बिंदूंची. दर बिंदूला चार बाइट धरले तर एका वर्षाची फाइल सुमारे २५ एमबी, आणि १२० वर्षांचा डेटा जवळपास ३ जीबी.

आता तुमची स्क्रिप्ट १९०१ पासून एकेक वर्ष घेऊन हिशोब करतेय, सगळे निकाल मेमरीतल्या एका यादीत साठवतेय आणि शेवटी एकदाच फाइल लिहिणार आहे. १९८७ पर्यंत आली आणि लाईट गेली. सकाळी ‘डॉकर स्टार्ट’ केलं. ती कुठून सुरू होईल? १९०१ पासून. ८६ वर्षांचे निकाल गेले. यात डॉकरची चूक नाही. निकाल डिस्कवर कधी गेलेच नव्हते.

उपाय स्क्रिप्टमध्ये आहे. प्रत्येक वर्षाचा निकाल वेगळ्या फाइलीत लिहा. सुरुवातीला ‘या वर्षाची फाइल आहे का?’ असं तपासा. असेल तर पुढे जा. आणि फाइल आधी तात्पुरत्या नावाने लिहा, पूर्ण झाली की मगच खरं नाव द्या. नाहीतर लाईट जाताना अर्धी लिहिलेली फाइल ‘पूर्ण’ समजली जाईल, आणि तो बिघाड थेट तुमच्या आलेखात दिसेल. एवढं केलं की ‘डॉकर स्टार्ट’ खरोखरच ‘पुढे चालू’सारखं वागतं.

सुरू होतो आणि लगेच बंद पडतो

‘स्टार्ट’ने नाव छापलं म्हणजे कंटेनर सुरू झाला. टिकला असं नाही. म्हणून लगेच पुन्हा ‘डॉकर पीएस -ए’ करून स्थिती बघा. ‘अप’ असेल तर ठीक. ‘एक्झिटेड’ असेल तर त्याच्या पुढच्या कंसातला आकडा वाचा:

- ०: आतलं काम संपलं आणि तो शांतपणे बंद झाला. चूक नाही.
- १: आतल्या प्रोग्रॅममध्ये एरर आला.
- १२७: सांगितलेली कमांड आत सापडलीच नाही.
- १३७: प्रोग्रॅमला जबरदस्तीने मारलं. हा १२८ अधिक ९, नववा सिग्नल.
- १४३: १२८ अधिक १५, म्हणजे नीट बंद हो असा निरोप मिळाला आणि तो बंद झाला.
- २५५: लॅपटॉप अचानक बंद पडल्यानंतर बरेचदा हा दिसतो.

१३७ दोन कारणांनी येतो. ‘डॉकर स्टॉप’ आधी नम्रपणे निरोप देतं, दहा सेकंद थांबतं आणि तरी ऐकलं नाही तर मारतं. किंवा मेमरी संपली म्हणून लिनक्सने मारलं. कोणतं ते कळायला ‘डॉकर इन्स्पेक्ट पाऊस’ द्या आणि त्यात ‘ओओएम किल्ड’ ही ओळ शोधा. तिथे ‘ट्रू’ असेल तर पुन्हा पुन्हा स्टार्ट करून काही होणार नाही. ८ जीबीच्या लॅपटॉपवर १२० वर्षं एकदम उचलू नका, दहा-दहा वर्षांचे तुकडे करा.

बाकी वेळी ‘डॉकर लॉग्ज --टेल ५० पाऊस’ द्या आणि शेवटच्या पन्नास ओळी वाचा. लॉग थांबलेल्या कंटेनरचेही वाचता येतात. ‘पोर्ट आधीच दिलेला आहे’ असा एरर आला, तर तुम्ही मघाशी चुकून सुरू केलेला नवा कंटेनर तेच पोर्ट धरून बसलाय. त्याला ‘डॉकर स्टॉप’ करा, मग जुना सुरू करा.

डेटाबेस असेल तर

पोस्टग्रेसच्या अधिकृत इमेजमध्ये एक बारकावा आहे. तिचा डेटा कंटेनरच्या थरात जात नाही, वेगळ्या व्हॉल्यूममध्ये जातो. तुम्ही व्हॉल्यूमला नाव दिलं नाही तर डॉकर निनावी व्हॉल्यूम बनवतं. दर ‘डॉकर रन’ला नवा निनावी व्हॉल्यूम, म्हणजे नवा रिकामा डेटाबेस! ‘डॉकर स्टार्ट’ केलं तर जुनाच व्हॉल्यूम जोडलेला राहतो.

आणि दिलासा देणारी गोष्ट: पोस्टग्रेस प्रत्येक बदल आधी एका नोंदवहीत लिहितं. लाईट गेल्यानंतर स्टार्ट केलं की ती नोंदवही वाचून ते स्वतःला सावरतं. लॉगमध्ये ‘रिकव्हरी’ असं काही दिसलं तर घाबरू नका, त्याला त्याचं काम करू द्या.

घाबरलेल्या अवस्थेत या गोष्टी करू नका

‘डॉकर कंटेनर प्रून’: ही कमांड सगळे थांबलेले कंटेनर काढून टाकते. नेटवर ‘जागा मोकळी करा’ म्हणून सर्रास सुचवली जाते. थांबलेला म्हणजे निकामी असं ती समजते. तुमच्या नोंदींसकट प्रत रद्दीत.

‘डॉकर व्हॉल्यूम प्रून’: वापरात नसलेले निनावी व्हॉल्यूम जातात. कंटेनर काढल्यानंतर डेटाबेस वाचवायची शेवटची संधी त्यातच असते.

‘डॉकर कंपोज डाउन’: कंपोज वापरत असाल तर ‘डाउन’ कंटेनर काढून टाकतं. रोजच्या कामाला ‘कंपोज स्टॉप’ आणि ‘कंपोज स्टार्ट’ पुरेसे आहेत.

आणि ‘--आरएम’ देऊन बनवलेला कंटेनर थांबला की आपोआप निघून जातो. तो ‘पीएस -ए’मध्ये शोधून सापडणार नाही.

कंटेनर काही केल्या सुरूच होत नसेल, तरी आतल्या फाइली काढता येतात. ‘डॉकर सीपी’ थांबलेल्या कंटेनरवरही चालतं: आधी कंटेनरचं नाव, मग अपूर्णविराम, मग आतला मार्ग, स्पेस, आणि बाहेरचा फोल्डर. आधी फाइली बाहेर काढा, मग दुरुस्तीला लागा.

लाईट आली की आपोआप सुरू व्हावा

डेटाबेससारखा सतत लागणारा कंटेनर असेल तर:

डॉकर अपडेट --रीस्टार्ट अनलेस-स्टॉप्ड पाऊस

मग एकदा स्टार्ट करा. यापुढे डॉकर सुरू झालं की तोही सुरू होईल; फक्त तुम्ही हाताने थांबवला असेल तर थांबलेलाच राहील. ‘ऑलवेज’ दिलं तर हाताने थांबवलेलाही पुढच्या वेळी उठून बसतो. एकदाच चालून संपणाऱ्या स्क्रिप्टला मात्र यातलं काहीच देऊ नका. संपली की पुन्हा सुरू, असं ती चालतच राहील.

संशोधक म्हणून शेवटचं

‘स्टार्ट’ जमलं की एक नवा धोका सुरू होतो. आठ महिने तोच कंटेनर रोज स्टार्ट करायचा, आत एकेक पॅकेज घालत जायचं. शेवटी काम चालतं, पण ते कशामुळे चालतं हे तुम्हालाही सांगता येत नाही. परीक्षकांनी किंवा जर्नलने ‘तुमचा निकाल आम्हाला पुन्हा काढून दाखवा’ म्हटलं, तर तुमच्याकडे दाखवायला फक्त तुमचा लॅपटॉप असतो.

म्हणून नियम असा ठेवा: कंटेनर कधीही फेकून देता आला पाहिजे. डेटा बाहेरच्या फोल्डरमध्ये किंवा नाव दिलेल्या व्हॉल्यूममध्ये. आत जे इन्स्टॉल केलं ते त्याच दिवशी डॉकरफाइलमध्ये. इमेजला ‘लेटेस्ट’ न वापरता नेमकी आवृत्ती. पुढे मोठ्या संगणकावर काम करायची वेळ आली, तर तिथे बहुतेकदा डॉकर मिळणार नाही, ॲपटेनर मिळेल. त्यात थांबलेला कंटेनर स्टार्ट करणं हा रोजचा प्रकारच नाही. कार्यक्रम चालतो आणि संपतो. तिथे उपयोगी पडते ती डॉकरफाइल आणि तुकड्या-तुकड्याने लिहिणारी स्क्रिप्ट.

आता वाचून सोडू नका. आजच पाच मिनिटं काढा. ‘डॉकर रन -आय -टी --नेम सराव उबुंटू’ करा. आत एक फाइल बनवा, एक व्हेरिएबल एक्स्पोर्ट करा, ‘एक्झिट’ द्या. मग ‘डॉकर पीएस -ए’, मग ‘डॉकर स्टार्ट -ए -आय सराव’. फाइल आहे का बघा, व्हेरिएबल आहे का बघा. एक सापडेल, एक सापडणार नाही. का, ते स्वतःच्या शब्दांत वहीत दोन ओळींत लिहा. ते जमलं, की पुढच्या वेळी लाईट गेल्यावर काय करायचं हे तुम्हाला कुणाला विचारावं लागणार नाही.